पाहुणी मुले आणि घरची मुले : चेर्नोबिलनंतरच्या मैत्रीचा हिशेब

३१, १ आणि ०. बेलारूसच्या गोमेल भागातल्या शाळांमध्ये १९९८ ते २००० या काळात मुलांची थायरॉईड तपासणी झाली, तिचे हे तीन आकडे. चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघाताआधीच्या सुमारे सव्वातीन वर्षांत जन्मलेल्या ९,७२० मुलांपैकी ३१ जणांना थायरॉईडचा कर्करोग आढळला, म्हणजे साधारण दर ३१४ मुलांमागे एकाला. अपघातानंतर, पण १९८६ सालीच जन्मलेल्या, म्हणजे त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या २,४०९ मुलांपैकी एकाला. १९८७ ते १९८९ या तीन वर्षांत जन्मलेल्या ९,४७२ मुलांपैकी एकालाही नाही.

जपानी आणि बेलारूसी डॉक्टरांनी मिळून केलेली ही पाहणी २००१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गाव तेच, शाळा त्याच, माती तीच. फरक जन्मतारखेचा होता. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतरच्या काही आठवड्यांत जे मूल दूध पीत होते त्याच्या गळ्यात हा रोग आला, आणि जे वर्षभराने जन्मले ते त्यातून सुटले.

या तीन आकड्यांच्या उजेडात एका मोठ्या मानवी उपक्रमाकडे पाहायचे आहे. अपघातानंतर आयर्लंड, ब्रिटन, इटली, जर्मनी, जपान, क्यूबा अशा अनेक देशांत बेलारूस आणि युक्रेनच्या मुलांसाठी मैत्रीसंस्था उभ्या राहिल्या. शिक्षक, परिचारिका, शेतकरी, निवृत्त नोकरदार अशा साध्या माणसांनी त्या चालवल्या. कुणी मुलांना उन्हाळ्यात महिनाभर घरी ठेवून घेतले, कुणी औषधे पाठवली, कुणी स्वतः तिकडे जाऊन शस्त्रक्रिया केल्या. या मैत्रीने मुलांच्या आरोग्यात नेमकी किती भर पडली? आकड्यांचे उत्तर असे की सर्वांत ठळकपणे दिसलेल्या कामाचा वैद्यकीय फायदा तुलनेने थोडा होता, आणि सर्वांत मोठा फायदा कुणाच्या फारसा नजरेत न आलेल्या कामातून झाला.

आठ दिवस आणि तीस वर्षे

स्फोटातून बाहेर पडलेल्या अनेक किरणोत्सर्गी द्रव्यांपैकी मुलांच्या दृष्टीने दोन महत्त्वाची. पहिले आयोडीन-१३१. त्याचा अर्धायुकाल ८ दिवसांचा, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मे होते. ८० दिवसांत त्याचा हजारावा हिस्साही शिल्लक राहत नाही. दुसरे सिझियम-१३७. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षांचा. १९८६ मध्ये जमिनीवर पडलेल्या सिझियमपैकी २०१६ पर्यंत निम्मे उरले आणि २०४६ मध्ये चौथा हिस्सा उरलेला असेल.

आयोडीनचा मार्ग छोटा आणि घातक होता. पावसाबरोबर ते गवतावर आले, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलाच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत. प्रौढ माणसाची ही ग्रंथी साधारण २० ग्रॅम भरते, वर्षाच्या बाळाची २ ग्रॅमही नाही. तेवढेच आयोडीन दहापट लहान जागेत साठले की त्या जागेला दहापट मार बसतो. भरीला बेलारूसच्या आणि उत्तर युक्रेनच्या खेड्यांत आहारात मुळात आयोडीन कमी, त्यामुळे मुलांच्या ग्रंथी आलेले आयोडीन आधाशासारखे ओढून घेत होत्या.

परिणाम मोठा झाला. अपघाताच्या वेळी बालवयात किंवा किशोरवयात असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. २०१५ पर्यंत हा आकडा जवळपास २०,००० वर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीच्या अंदाजाप्रमाणे त्यातले सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे ५,००० च्या आसपास, थेट किरणोत्सर्गामुळे झालेले. बाकीची वाढ वयाची आणि बारकाईने होऊ लागलेल्या तपासणीची.

त्याच नोंदींमधला दुसरा आकडाही लक्षात ठेवायला हवा. २००५ पर्यंतच्या त्या ६,००० हून अधिक रुग्णांपैकी मृत्यू १५. वेळेवर निदान, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर जन्मभर रोज एक थायरॉक्सिनची गोळी, एवढे मिळाले तर हा रोग झालेले मूल जगते. म्हणून १९९० च्या दशकात खरा प्रश्न होता तो ‘एवढे’ कुठून आणायचे हा. सोव्हिएत संघ १९९१ च्या शेवटी कोसळला आणि नव्या बेलारूसला आयोडीनची आपत्ती व रिकामी तिजोरी एकदमच वारशात मिळाली. हवेतून आलेल्या किरणोत्सर्गी धुरळ्यापैकी सुमारे ७० टक्के या देशावर पडला असे मानले जाते. त्याची २३ टक्के जमीन दूषित ठरली होती.

पाहुण्यांची मोजदाद

मदतीचा पहिला मोठा हात आला तो श्रीमंत देशाचा नव्हता. २९ मार्च १९९० रोजी १३९ मुलांची पहिली तुकडी हवानाला उतरली. हवानाजवळच्या तरारा या समुद्रकिनाऱ्यावरच्या वसाहतीत क्यूबाने त्यांच्यासाठी रुग्णालय, शाळा आणि घरे उभी केली. २०११ पर्यंत तिथे सुमारे २६ हजार रुग्णांवर उपचार झाले, त्यांत २१ हजारांहून अधिक मुले होती. बहुतेक युक्रेनची. रक्ताच्या कर्करोगापासून कोड आणि केस गळण्यापर्यंत सगळ्या तक्रारींवर विनामूल्य उपचार झाले. सोव्हिएत मदत थांबल्यावर क्यूबाचे स्वतःचे राष्ट्रीय उत्पन्न १९९० ते १९९३ या काळात तिसऱ्या हिश्शाहून अधिक घसरले होते आणि लोकांना रेशनवर पोट भरावे लागत होते. तरीही तरारा सुरू राहिले.

तरारा सरकारी होते. युरोपात मात्र हे काम लोकांनी उचलले. आयर्लंडमध्ये अ‍ॅडी रोच यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने २५ हजारांहून अधिक मुलांना आयरिश घरांत आणले. ब्रिटनमधल्या अशाच एका मोठ्या संस्थेच्या यादीत ४० हजारांहून अधिक मुले आहेत. सर्वांत जास्त मुले गेली ती इटलीत. इटालियन गावागावांतल्या छोट्या मंडळांनी वर्षानुवर्षे हजारो मुलांना उन्हाळ्यात आणि नाताळात ठेवून घेतले. मंडळाने विमानाचे पैसे जमवायचे, कुटुंबाने घर द्यायचे, गावातल्या दंतवैद्याने दात तपासून द्यायचे, दुभाष्याने पहिले आठ दिवस मुलांबरोबर राहायचे, अशी या मैत्रीची कामाची वाटणी होती.

एका देशात २५ हजार, दुसऱ्यात ४० हजार हे आकडे मोठे आहेत आणि अहवालाच्या पहिल्या पानावर शोभतात. पण तो पाहुण्यांचा आकडा आहे, बऱ्या झालेल्यांचा नाही.

एका महिन्याचा हिशेब

मुलाला महिनाभर स्वच्छ हवेत आणि स्वच्छ अन्नावर ठेवले की त्याच्या अंगातले सिझियम कमी होते, हे या उपक्रमामागचे वैद्यकीय कारण. ते खरे आहे. किती कमी होते, हे काढता येते.

अन्नातून आलेले सिझियम शरीर हळूहळू लघवीवाटे बाहेर टाकते. प्रौढ माणसाच्या अंगातले सिझियम निम्मे व्हायला सुमारे ११० दिवस लागतात. १० वर्षांच्या मुलाला सुमारे ५०, तर ५ वर्षांच्या मुलाला सुमारे ३० दिवस. लहान शरीर ते लवकर बाहेर टाकते, म्हणून मुलांनाच बाहेर नेण्याची कल्पना चुकीची नव्हती.

आता १० वर्षांचा मुलगा धरू. यजमान देशातल्या अन्नात सिझियम जवळपास नाही असे मानले, तर ३० दिवसांत त्याच्या अंगातले सुमारे ३४ टक्के, म्हणजे एक तृतीयांश कमी होईल. ५ वर्षांच्या मुलीचे निम्मे होईल. त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षिकेचे मात्र १७ टक्केच. निघताना आणि परतताना यंत्रावर मोजमाप घेतले की हा फरक स्पष्ट दिसतो, आणि यजमान कुटुंबाला त्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे.

मुलगा घरी परततो. गाईचे दूध तेच, जंगलातली अळंबी आणि बेरी त्याच. अंगातली पातळी जशी उतरली त्याच वेगाने पुन्हा चढू लागते. ३४ टक्क्यांची तूट ५० दिवसांत १७ वर, १०० दिवसांत साडेआठवर आणि १५० दिवसांत चार टक्क्यांवर येते. जुलैअखेर परतलेल्या मुलाच्या शरीरात वर्ष संपता संपता सहलीचा जवळपास काही परिणाम उरत नाही. झिरपणाऱ्या घागरीत रोज तेवढेच पाणी ओतले जाते, मध्ये महिनाभर ओतणे थांबते इतकेच. पूर्ण वर्षाचा हिशेब केला तर अन्नातून मिळणारी मात्रा बाराव्या हिश्शाने, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांनी घटते.

ही मात्रा मुळात किती होती? १९८६ ते २००५ या २० वर्षांत दूषित भागांतल्या सुमारे ६४ लाख लोकांना मिळालेली सरासरी जादा मात्रा ९ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आहे. जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला नैसर्गिकरीत्या वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २० वर्षांत ४८ मिळतातच. अर्थात सरासरी सगळ्यांना सारखी लागू होत नाही. कडक नियंत्रणाच्या पट्ट्यातल्या सुमारे २ लाख ७० हजार लोकांना २० वर्षांत ५० मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळाली. त्यांच्या मुलांसाठी प्रत्येक टक्का मोलाचा होता. तरीही परदेशातल्या एका महिन्याने मुलाचे आयुष्य दोन वर्षांनी वाढते, हे मदतीच्या आवाहनांत वर्षानुवर्षे फिरलेले वाक्य या आकड्यांवर टिकत नाही.

मीठ, दूध आणि गोळी

८ टक्क्यांच्या शेजारी ठेवण्यासारखे दुसरे आकडे आहेत.

पहिला पोलंडचा. २९ एप्रिल १९८६ पासून काही दिवसांत पोलंडने १ कोटी ५ लाख मुलांना साध्या, स्थिर आयोडीनचा डोस दिला. ग्रंथी आधीच भरली की किरणोत्सर्गी आयोडीनला आत जागा उरत नाही. शेजारच्या सोव्हिएत खेड्यांतल्या बहुतेक मुलांना हे वेळेवर मिळाले नाही.

दुसरा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा. ज्या भागात आहारात आयोडीनची कमतरता होती तिथे तेवढ्याच किरणोत्सर्गाने कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट झाला. नंतरच्या काळात आयोडीनची पूरक मात्रा मिळालेल्या मुलांमध्ये तोच धोका एक तृतीयांशावर आला. आपल्या स्वयंपाकघरात असलेल्या आयोडीनयुक्त मिठाची ही किंमत.

तिसरा दुधाचा. प्रशियन ब्लू या रंगद्रव्याच्या गोळ्या गाईला दिल्या की तिच्या आतड्यातच सिझियम अडकते आणि दुधातले प्रमाण दोन-तीनपट कमी होते. बेलारूसने दुधासाठी लिटरला १०० बेकेरल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आणि बाळांच्या अन्नासाठी किलोला ३७ बेकेरल अशी मर्यादा घातली. दूध मोजणारे केंद्र गावात असेल, कोणत्या कुरणात गाय सोडायची नाही हे आईला माहीत असेल, तर बाराही महिने घट होते. शिवाय ती गावातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते. विमानात जागा न मिळालेल्याच्याही.

दुधातल्या या आकड्यांची चर्चा मुंबईतही झाली आहे. युरोपीय मदतीतून ‘ऑपरेशन फ्लड’ या दूधयोजनेसाठी आयर्लंडहून आलेले सुमारे २०० टन लोणी किरणोत्सर्गी आहे, म्हणून त्याच्या वाटपाविरुद्ध मुंबईतून याचिका दाखल झाली. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा तिने दिला आणि १९८८ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. भीती खरी असते, पण ती किती धरायची हे मोजमापाने ठरते. चेर्नोबिलच्या गावांतल्या आयांना नेमके हेच मोजमाप हवे होते.

हात शिकवणारी मैत्री

म्हणून या सगळ्या मैत्रीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते जपानचे काम. हिरोशिमा आणि नागासाकीचा अनुभव गाठीशी असलेल्या या देशाने प्रश्न आधी मोजला. ससाकावा प्रतिष्ठानाच्या मदतीने १९९१ ते १९९६ या काळात बेलारूस, युक्रेन आणि रशियातल्या पाच केंद्रांवर सुमारे १ लाख ६० हजार मुलांची तपासणी झाली. सोनोग्राफीची यंत्रे आणि तपासणीच्या गाड्या दिल्या, स्थानिक डॉक्टरांना त्या चालवायला शिकवले आणि काम संपल्यावर यंत्रे तिथेच ठेवली. सुरुवातीचे ३१, १ आणि ० हे आकडे याच पायावर पुढे उभ्या राहिलेल्या सहकार्यातून आले. १९८७ नंतर जन्मलेल्या लाखो मुलांच्या आईवडिलांना या शून्याने जो दिलासा दिला, तो दुसऱ्या कुठल्याही मदतीने दिला नसता.

नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरातून १९९१ पासून लोकवर्गणीवर चालणारी एक संस्था बेलारूसला औषधे आणि डॉक्टर पाठवू लागली. त्याच शहरातल्या शिन्शू विद्यापीठातले थायरॉईडचे शल्यविशारद अकिरा सुगेनोया यांनी नोकरी सोडली आणि १९९६ मध्ये ते मिन्स्कला गेले. साडेपाच वर्षे त्यांनी तिथे मुलांवर शस्त्रक्रिया केल्या आणि तरुण डॉक्टरांना शिकवले. गळ्यावरच्या शस्त्रक्रियेच्या आडव्या व्रणाला तिकडे लोक ‘चेर्नोबिलचा हार’ म्हणतात. तो व्रण जन्मभर आरशात दिसणार असतो, त्यामुळे तो लहान आणि सफाईदार करणे हेही मुलीच्या आरोग्याचेच काम आहे. सुगेनोया २००४ मध्ये मात्सुमोतोचे महापौर झाले. २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला तेव्हा काय मोजायचे आणि कुणाला आधी तपासायचे हे जपानला बेलारूसच्या मुलांनी शिकवून ठेवले होते.

जे मात्रेत मोजता येत नाही

मग मुलांना घरी बोलावणाऱ्या कुटुंबांची मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. तिचे फळ दुसऱ्या रकान्यात मांडावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि बेलारूस, युक्रेन व रशिया यांची सरकारे यांच्या चेर्नोबिल मंचाने २००५ मध्ये निष्कर्ष काढला की या अपघाताचा सार्वजनिक आरोग्यावरचा सर्वांत मोठा परिणाम मानसिक आहे. १९८६ मध्ये सुमारे १ लाख १६ हजार आणि नंतर आणखी सुमारे २ लाख २० हजार लोकांना घर सोडावे लागले. ‘तुमची मुले आजारीच जन्मणार’ हे ऐकत एक पिढी वाढली. अशा मुलाला परक्या देशातले कुटुंब दरवर्षी नावाने हाक मारून बोलावते, वाढदिवसाला पत्र पाठवते, चष्मा करून देते, दात नीट करून देते, याचे मोल मिलिसिव्हर्टमध्ये येत नाही. ते त्या मुलाच्या हिमतीत येते.

शिवाय पाहुणचारातूनच यजमानांना मुलाच्या घरचे खरे प्रश्न कळले. आयर्लंडची संस्था मुलांना बोलावता बोलावता बेलारूसच्या अनाथालयांपर्यंत आणि अपंग मुलांच्या संस्थांपर्यंत पोहोचली. तिथे परिचारिका नेमल्या, इमारती दुरुस्त केल्या, संस्थांत वाढणाऱ्या मुलांना कुटुंबात नेणारी घरे उभारली. हृदयात जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी परदेशी शल्यविशारदांचे पथक युक्रेनला जाऊ लागले. हे दोष किरणोत्सर्गामुळेच होतात असे सिद्ध झालेले नाही. पण हृदयात छिद्र असलेल्या मुलाला त्याच्या कारणाशी कर्तव्य नसते, शस्त्रक्रियेशी असते. २६ एप्रिल २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बेलारूसने स्वतःच्या वाट्याची वेळ अ‍ॅडी रोच यांना बोलण्यासाठी दिली. एखाद्या सरकारने परदेशी स्वयंसेविकेवर एवढा विश्वास टाकण्यामागे पंचवीस वर्षांची ये-जा होती.

बंद झालेली वाट

विमानावर अवलंबून असलेली मदत किती नाजूक असते हे पुढच्या तीन तारखा सांगतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत गेलेली एक १६ वर्षांची मुलगी परत यायला तयार झाली नाही आणि बेलारूसने मुलांचे सगळे परदेश प्रवास थांबवले. पुढे आयर्लंड, इटली अशा देशांशी करार झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये कोविडने विमाने जमिनीवर आली. २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाले आणि उरलीसुरली वाटही बहुतेक देशांसाठी बंद झाली.

या तिन्ही वेळी घरची कामे तग धरून राहिली. मिन्स्कमध्ये शिकलेला शल्यविशारद शस्त्रक्रिया करतच होता. सोनोग्राफीचे यंत्र चालत होते. दुकानातल्या मिठात आयोडीन होते.

देणगीदाराचे पाच प्रश्न

परदेशातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कोणत्याही मैत्रीसंस्थेला, मग ती युरोपातली असो किंवा इथल्या मुलांसाठी अमेरिकेत वर्गणी जमवणाऱ्या मराठी माणसांची असो, हे प्रश्न विचारता येतात.

• जे मूल निवडले गेले नाही, त्याच्या वाट्याला या कामातून काय आले?
• मूल परतल्यावर सहा महिन्यांनी काय शिल्लक राहिले, आणि ते कुणी मोजले?
• आपण जे बरे करू म्हणतो ते या वयाच्या मुलांना होते तरी का? १९८७ नंतर जन्मलेल्यांना आयोडीनच्या धोक्याचे रुग्ण समजणे म्हणजे त्यांच्या खऱ्या गरजांकडे पाठ फिरवणे.
• तिथल्या किती माणसांना हे काम शिकवले?
• उद्या सीमा बंद झाली तर किती काम चालू राहील?

या प्रश्नांनी पाहुणचाराचे मोल कमी होत नाही. इटलीतल्या किंवा आयर्लंडमधल्या ज्या कुटुंबाने एका मुलीला सलग आठ-दहा उन्हाळे सांभाळले, त्याचे ऋण ती मुलगी आणि तिचा देश विसरणार नाही. पण प्रेमाने सुरू झालेले काम मुलाच्या घरच्या दुधापर्यंत, मिठापर्यंत आणि गावच्या डॉक्टरापर्यंत पोहोचले तेव्हाच सगळ्या मुलांना त्याचा लाभ झाला. ज्या संस्था पाहुण्या मुलांकडून घरच्या मुलांकडे वळल्या त्यांनी मैत्री निभावली. देणगी द्यायची तर आधी त्यांना द्यावी, आणि नवी संस्था काढायची तर पहिल्या वर्षापासूनच पाहुण्या मुलांचा आणि घरच्या मुलांचा असे दोन्ही रकाने भरण्याची तयारी ठेवावी.